हद्द कुणाची?

खडकवासल्यात कुणाला विचारावं, ‘इथं राहायला सुरक्षित वाटतं का?’, तर उत्तराऐवजी आधी एक प्रश्नच येतो : कुठल्या वाराचं विचारताय? सोमवार ते शुक्रवारचं खडकवासला निराळं, शनिवार-रविवारचं निराळं. मधल्या वारी धरणाखालच्या आळ्यांतून संध्याकाळी बायका निवांत बोलत उभ्या असतात, शाळेतून आलेली पोरं रस्त्यावरच खेळतात, आणि अनोळखी माणूस दिसला तर ‘कुणाकडं आलात?’ एवढी चौकशी होतेच. शनिवारी दुपारनंतर मात्र गाव आपलं उरत नाही. नांदेड फाट्याकडून गाड्यांची रांग लागते. कणसं, भजी, चहा, गाड्यांतली कर्कश गाणी, एका दुचाकीवर तिघं-तिघं. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की पुलावर उभं राहायला जागा नसते. अशा दिवशी घरात कुणाच्या छातीत दुखायला लागलं तर गाडी गावाबाहेर काढायची कशी, ही इथल्या माणसाची पहिली काळजी. चोरांचा विषय बोलण्यात बराच उशिरा येतो.

शहरातला वाचक सुरक्षिततेचा प्रश्न गुन्ह्यांच्या आकड्यांत मांडतो. ते आकडेही बघून घेऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात दर लाख लोकसंख्येमागं दखलपात्र गुन्ह्यांचं प्रमाण कोलकात्यात ८६.५, पुण्यात २८०.७ आणि हैदराबादेत २९९.२ होतं. वीस लाखांवर वस्ती असलेल्या महानगरांच्या यादीत पुण्याचा नंबर सुरक्षिततेत दुसरा लागला, तसे मथळेही झळकले. आदल्या वर्षी पुण्याचा आकडा २५६.८ होता, म्हणजे गुन्हे वाढले तरी क्रमांक तोच. हे कात्रण पेठेतल्या किंवा उपनगरातल्या कुठल्याही पुणेकरासमोर धरा, तो हसेल. त्याचं हसणं अगदीच अडाणी नाही. हे आकडे नोंदवलेल्या गुन्ह्यांचे असतात, घडलेल्या नव्हे. जिथं तक्रार सहज घेतली जाते तिथं आकडा फुगतो, जिथं तक्रारदाराला ‘उद्या या’ सांगून वाटेला लावतात तिथं तो सडपातळ राहतो. शहराशहरांची तुलना जपून करा, हे तो विभाग स्वतःच सांगतो. मथळे देणाऱ्यांपर्यंत ते पोचत नाही, एवढंच.

दुसरं असं की त्या ‘पुण्यात’ खडकवासला धरलेलंच नव्हतं. त्या वर्षी गाव महापालिकेत येऊन वर्ष उलटलं होतं, पण पोलीस मात्र पुणे ग्रामीणचे, हवेली ठाण्याचे. कर शहराला भरायचा आणि फिर्याद ग्रामीणला द्यायची. शहर पोलिसांच्या खतावणीत या गावचा गुन्हा चढतच नव्हता.

या गावाला हद्दींची सवय जुनी आहे. मुठा नदीवरचं धरण १८६९ साली बांधायला घेतलं आणि १८७९ मध्ये पुरं झालं. पुण्याला, लष्करी छावणीला आणि कालव्याखालच्या शेतीला त्याचं पाणी गेलं. धरणाच्या तलावाला साहेबांनी फाइफ नावाच्या आपल्या इंजिनिअरचं नाव दिलं. मग १९१६ साली सुरू झालेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था इथं येऊन स्थिरावली. ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची कोनशिला बसली आणि जानेवारी १९५५ मध्ये तलावापलीकडच्या डोंगररानात प्रबोधिनी उभी राहिली. अलीकडं गिरीनगरला संरक्षण खात्याची आणखी एक शिक्षणसंस्था आहे. म्हणजे ज्या मुलुखाच्या एका बाजूला देशाचे भावी सेनापती पहाटे पाचला धावत असतात, तारेच्या कुंपणाशी संगीन घेतलेला पहारा असतो, परवानगीशिवाय पाखरू आत जात नाही असं म्हणतात, त्याच मुलुखाच्या दुसऱ्या बाजूला एखादा रस्त्यावरचा दिवा गेला तर तो कुणाचा, हे कुणी सांगू शकत नाही.

त्या दिव्याची गोष्ट सविस्तर सांगण्याजोगी आहे. ३० जून २०२१ रोजी तेवीस गावं पुणे महापालिकेत आली. खडकवासला, किरकटवाडी, नांदेड, नांदोशी ही त्यातलीच. ग्रामपंचायती त्या दिवसापासून संपल्या. तोवर दिवा गेला की सरपंचाला किंवा सदस्याला फोन जायचा. तो वाडीतलाच, सकाळी चहाला भेटणारा, त्यामुळं टाळाटाळ केली तरी तोंड चुकवता येत नसे. गावं आत आल्यावर आठ-नऊ महिन्यांतच, मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसले. निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली साडेचार वर्षं या गावांना ना सरपंच होता, ना नगरसेवक. तक्रार करायची ती अ‍ॅपवर किंवा क्षेत्रीय कार्यालयात. असुरक्षित वाटण्याचा विषय काढला की लोक आजही पहिल्यांदा अंधाराचं बोलतात, अंधाराचं बोलता बोलता दिव्याच्या खांबाचं बोलतात, आणि तिथून ‘फोन करायचा कुणाला?’ यावर येऊन थांबतात. मला तरी या सगळ्या विषयाचा गाभा तिथंच दिसतो. गुन्हा किती होतो यापेक्षा हाक मारली तर येणार कोण, याच्यावर माणसाचं निर्धास्त असणं जास्त अवलंबून आहे.

पोलिसांची हद्द २०२४ मध्ये बदलली. त्या वर्षी पुणे शहरात सात नवी पोलीस ठाणी मंजूर झाली : आंबेगाव, बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी, काळेपडळ आणि नांदेड सिटी. शेवटचं ठाणं हवेलीच्या मुलुखातून निघालं. आता त्याचं नाव बघा. इथं नांदेड नावाचं गाव आहे, धरण आहे, साऱ्या देशाला ठाऊक असलेलं खडकवासला आहे. पण ठाण्याला नाव मिळालं ते सातशे एकरांवरच्या गृहसंकुलाचं, जिथं फाटकावर खासगी सुरक्षारक्षक गाडीचा नंबर टिपून घेतो. ज्या वस्तीनं आपल्या पहाऱ्याची सोय आधीच पदरमोड करून केली होती, तिचं नाव सरकारी ठाण्याला लागावं यात योजना नसेल, पण सोय कुणाची आधी पाहिली जाते याचा अंदाज येतो. संकुल मगरपट्ट्याच्या धर्तीवर, शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करून उभं केलेलं. त्यामुळं ‘बाहेरच्यांनी येऊन गाव गिळलं’ एवढं सरळ ते नाही. फाटकाच्या आतले काही जण फाटकाबाहेरच्यांचे सख्खे चुलतभाऊ आहेत.

धरण ओलांडून डोणजे-गोळेवाडीकडं निघालं की ग्रामीण पोलिसांची हद्द लागते. तलावाच्या पलीकडच्या काठाला उत्तमनगर ठाणं. त्यामुळं तलावाच्या कडेनं गाडी लुटली गेली तर फिर्याद कुठं द्यायची, हा प्रश्न इथं हास्यास्पद नाही. कायद्यानं तो निकालात काढला आहे. सर्वोच्च न्यायालयानं ललिता कुमारी खटल्यात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी स्पष्ट सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या फौजदारी कायद्यात तर हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायचं बंधन आहे. ११२ वर फोन केला तर जवळची गाडी यावी, अशी व्यवस्था आहे. पण ठाण्याच्या बाकावर बसून ‘हे आमच्याकडं येत नाही’ ऐकलेल्या माणसाच्या मनातली हद्द कलम बदलून पुसत नाही. दिल्ली, मुंबई, चेन्नई, बेंगळुरू इथं झालेल्या पाहण्यांतून हेच पुन्हा पुन्हा दिसलं : चोरी झालेल्यांपैकी थोडेच जण एफआयआरपर्यंत पोचतात. बाकीचे मोबाइल गेला, सिमकार्ड बंद केलं आणि गप्प बसले, या वर्गातले.

आता कोयत्याकडं वळू. त्याच्याशिवाय पुण्यातल्या भीतीचं पान पुरं होत नाही. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस सिंहगड रस्त्यापासून फार लांब नसलेल्या आंबेगावात, कॉलेजांच्या गजबजाटात, दोन तरुण कोयते फिरवत दुकानांवर आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांवर धावून गेले. गस्तीवरच्या पोलिसांनी एकाला तिथंच धरून बडवलं. या सगळ्याचं चित्रीकरण झालं आणि ते तासाभरात घराघरांत पोचलं. जानेवारी २०२३ मध्ये शहर पोलिसांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी बक्षिसं जाहीर केली : पिस्तूलवाल्याला पकडलं तर दहा हजार, कोयतेवाल्याला पकडलं तर तीन हजार. पाठोपाठ जूनमध्ये सदाशिव पेठेत भर सकाळी एका तरुणीवर कोयत्यानं हल्ला झाला आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या पोरांनी झेप घेऊन तिला वाचवलं.

कोयता काही आकाशातून पडलेलं शस्त्र नाही. ऊसतोडीचा, शहाळं सोलण्याचा, वईची झुडपं छाटण्याचा तो. धरणाकाठच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या पडवीत तो टांगलेला असतो आणि त्याला कुणी बिचकत नाही. तोच कोयता इन्स्टाग्रामच्या चित्रफितीत सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या हातात दिसला की थरकाप होतो. पिस्तुलाला पैसे लागतात, ओळखी लागतात. कोयता कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. रात्री उभ्या केलेल्या गाड्यांच्या काचा फोडत जायचं, त्यातून आपल्या नावाची दहशत बसवायची, ही या पोरांची रीत. या फोडाफोडीत मेलेल्यांची संख्या फार नाही, पण सकाळी खाली उतरून फुटलेली काच पाहिलेला माणूस पुढं महिनाभर रात्री दचकून उठतो. आणि ज्याची काच फुटली नाही त्यानंही मोबाइलवर ती पाहिलेली असते. भीतीला पूर्वी बातमीपत्राची वाट बघावी लागायची, आता तीच आपल्याला हुडकत येते.

जुन्या पुणेकरांना याची तुलना एकाच गोष्टीशी करावीशी वाटते. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात जोशी-अभ्यंकर हत्याकांडात दहा जणांचे बळी गेले. मारेकरी अभिनव कला महाविद्यालयातले विद्यार्थी निघाले आणि चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या महिन्यांत अंधार पडला की पेठांतले रस्ते ओस पडत, ओळखीच्या आवाजालाही दार उघडायला लोक कचरत. फरक मात्र मोठा आहे. तेव्हा गुन्हा बंद दाराआड होत होता आणि मारेकरी कोण याचा पत्ता नव्हता. भीती सगळ्या शहराला सारखी वाटली आणि अटकेबरोबर ओसरली. आजचा कोयतेवाला कोण, हे त्याच्या आळीतल्या सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या वाढदिवसाचा फलक चौकात लागलेला असतो, त्यावर त्याच्या शेजारी पुढाऱ्याचा फोटोही असतो. नाव ठाऊक असूनही ठाण्यात कुणी सांगत नाही. त्याला अटक झाली तर सुटून तो कुठं येणार, हेही सगळ्यांना ठाऊक असतं.

गावातली आणि सोसायटीतली बोलणी यापुढं फाटतात. सोसायट्यांच्या ग्रुपवर बोलणं चोरीचं : सायकल गेली, गाडीचं पेट्रोल गेलं, बंद फ्लॅटचं कुलूप तुटलं, पार्सलवाला वर का सोडला. गावातल्या पारावर शब्द वेगळेच ऐकू येतात : सातबारा, वाटणी, कूळ, गुंठा आणि ताबा. सिंहगड रस्त्याच्या दोन्ही अंगांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जमिनीचे भाव असे चढले की भावकीतला जुना वाद एकदम कोटींचा झाला. रात्रीतून पत्र्याचं कुंपण ठोकायचं, दारात चार गाड्या उभ्या करायच्या आणि खऱ्या मालकाला ‘कोर्टात जा’ म्हणायचं, याला गावात चोरी म्हणत नाहीत. ते ताबा घेणं. प्रवीण तरडेंच्या ‘मुळशी पॅटर्न’नं २०१८ मध्ये ही गोष्ट पडद्यावर आणली तेव्हा शहरातल्या प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या. पश्चिम हवेलीतल्या कित्येकांनी ती ओळखीच्या माणसांची बातमी वाचावी तशी पाहिली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये डोणजे परिसरातून सकाळी फिरायला निघालेल्या एका ठेकेदाराचं अपहरण झालं. त्याचा खून झाला आणि अवशेष खडकवासला धरणाच्या पाण्यात मिळाले. तपासात खंडणीची बाब पुढं आली, ग्रामीण पोलिसांनी आरोपी पकडले. या घटनेनंतर पहाटे फिरायला जाणं काहींनी सोडलं, काही जण घोळक्यानं जाऊ लागले. पण सोसायटीतल्या आणि गावातल्या माणसानं यातून काढलेला अर्थ एक नव्हता. सोसायटीतल्याला वाटलं, आता सकाळी रस्त्यावरून कुणालाही उचलतील. गावातला म्हणतो, कुणालाही नाही, ज्याच्याकडं कामं आहेत, पैसा आहे, त्याला. दुसऱ्या अर्थात दिलासा आहे असं वरवर वाटतं. पण थोडं थांबून ऐकलं तर तो अधिक गडद आहे. त्यात धोका परका नाही, पैशाच्या वासावर असलेला कुणीतरी माहितीतला माणूस आहे.

सोन्याचंही तसंच. खडकवासला मतदारसंघाचे २००९ साली निवडून आलेले पहिले आमदार रमेश वांजळे अंगावर किलोच्या हिशोबानं सोनं घालून विधानसभेत जात. ‘गोल्डमॅन’ हे बिरुद त्यांनी मिरवलं. जून २०११ मध्ये त्यांचं निधन झालं. त्याच मतदारसंघातल्या बायका सकाळी चालायला निघताना मंगळसूत्र पदराखाली घेतात, नाहीतर घरी काढून ठेवून काळ्या मण्यांची पोत घालतात. दुचाकीवरून येऊन गळ्यातलं ओढून नेणारे चोर हे पुण्याच्या उपनगरांचं जुनं दुखणं आहे. त्यातलं नुकसान फक्त सोन्याचं नसतं. ओढताना बाई रस्त्यावर आपटते, मान कापते. सोनं गळ्यात मिरवायचं की पदराखाली दडवायचं, हे इथं तुमच्यामागं चार माणसं आहेत की नाहीत यावर ठरतं.

बायकांचं सुरक्षिततेचं गणित घड्याळावर चालतं. शेवटची बस किती वाजता, उतरल्यावर चालायचं किती, त्या वाटेवर कुठलं दुकान किती वाजेपर्यंत उघडं. पानाच्या टपरीमुळं रस्ता सुरक्षित वाटतो की असुरक्षित, याचं उत्तरही वेळेवर असतं : आठ वाजता टपरी हवी असते, अकरा वाजता तीच नको असते. ३ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री बोपदेव घाटात मित्राबरोबर गेलेल्या तरुणीवर सामूहिक अत्याचार झाला. टेकड्यांवर, घाटांत दिवे आणि कॅमेरे बसवण्याच्या घोषणा त्यानंतर झाल्या. खडकवासल्याच्या पलीकडं पानशेतपर्यंत तलावाकाठानं अशा निर्जन जागा पावलोपावली आहेत आणि जोडपी तिथंच येतात, कारण शहरात त्यांना बसायला जागा नाही. लुटारूंना हे पक्कं ठाऊक असतं. लुटलेलं जोडपं घरी कळेल या धास्तीनं ठाण्याची पायरी चढणार नाही, हेही. २५ फेब्रुवारी २०२५ ला तर पहाटे स्वारगेट आगारात, माणसांच्या आणि पोलीस चौकीच्या शेजारी, उभ्या शिवशाही बसमध्ये अत्याचार झाला. त्या बातमीनं ‘गर्दीत राहा म्हणजे झालं’ हा आयांचा जुना उपदेशही लंगडा पडला.

भीती कधी कधी निराधारही असते, आणि तेव्हा तिची किंमत दुसराच कुणीतरी मोजतो. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यातल्या गावांवर रात्री ड्रोन घिरट्या घालत असल्याचं बोललं जाऊ लागलं. चोर टेहळणी करतात, घरांवर खुणा होतात, असा बोभाटा झाला. दौंड, शिरूर, बारामतीकडं तरुणांनी रात्री काठ्या घेऊन पहारे दिले. ग्रामीण भागात ग्रामसुरक्षा यंत्रणा म्हणून एक चांगली सोय आहे : एका नंबरवर फोन केला की गावातल्या नोंदणी केलेल्या सगळ्यांना तोच आवाज एकाच वेळी ऐकू जातो. आग, बिबट्या, दरोडा अशा वेळी ती उपयोगी पडली आहे. पण आवाज सगळ्यांना पोचवणारी सोय अफवाही तितक्याच वेगानं पोचवते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. मोबाइलवरच्या निरोपांशिवाय त्यांच्याविरुद्ध काहीही नव्हतं. ‘जन्मजात गुन्हेगार’ ठरवणारा १८७१ चा इंग्रजी कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पालावरच्या माणसाकडं बघायची नजर रद्द झाली नाही.

खडकवासल्याच्या आसपास आज ही नजर बांधकामावरच्या मजुरांकडं वळते. इमारती त्यांनीच बांधायच्या आणि वीट-पत्र्याच्या खोल्यांत राहून पहिल्या संशयाला पात्रही त्यांनीच व्हायचं. सोसायटीत चोरी झाली की आधी मोलकरीण, मग वॉचमन, मग शेजारच्या साइटवरचा मजूर, या क्रमानं विचारपूस होते. वॉचमन स्वतः कुठूनतरी लांबून आलेला, बारा तासांची पाळी करणारा, तळघरातल्या मीटरच्या खोलीत झोपणारा. त्याच्या सुरक्षिततेची पाहणी कुणी केलेली माझ्या वाचनात नाही. गावगाड्यात रखवाली रामोशाकडं असायची, आणि चोरी झाली की माग काढायची जबाबदारीही त्याचीच. माग लागला नाही तर भरपाईही त्याच्याच माथी. पगारपत्रक आलं, पण ती रीत फारशी बदलली नाही.

आता ज्यानं इथं खरोखर माणसं मेली, आजारी पडली, बेघर झाली, त्याकडं बघायला हवं. त्यातलं बहुतेक पोलिसांच्या नोंदवहीत ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून जातं, किंवा जातच नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं धरणही फुटलं आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला, हे सगळ्यांना पाठ आहे. २५ जुलै २०२४ ला याच धरणातून ३५ हजार क्युसेकहून जास्त पाणी सोडलं गेलं तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोक झोपेतून उठले ते घरात शिरलेल्या पाण्यानं. पाणी सोडणारं खातं म्हणत होतं कळवलं होतं, रहिवासी म्हणत होते कळलं नाही. सात-आठ किलोमीटरवरच्या धरणाचा निरोप नदीकाठच्या घरात वेळेत पोचला नाही, आणि तो पोचवायचा कुणी यावर नंतर दिवसेंदिवस वाद झाला.

जानेवारी २०२५ मध्ये तर धोका नळातूनच आला. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गुइलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ एक सापडू लागले. धडधाकट माणसाच्या पायातली ताकद दोन दिवसांत जायची, काहींना व्हेंटिलेटर लावावा लागला. राज्यात रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, मृत्यूही झाले, आणि बहुतेक रुग्ण पुणे परिसरातले होते. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जिवाणू आढळला, संशय दूषित पाण्यावर गेला, आणि समाविष्ट गावांना पाणी पुरवणारी नांदेडची विहीर बातम्यांत आली. पुण्याची तहान भागवणाऱ्या धरणाच्या पायथ्याची ही गावं! त्या आठवड्यांत इथं कोयत्याचं नाव कुणी काढत नव्हतं. घराघरांत पाणी उकळलं जात होतं, जारवाल्यांवरही विश्वास नव्हता, आणि गावातल्या पाहुण्यांचं येणं थांबलं होतं. महापालिकेत येऊन साडेतीन वर्षं झाली तरी शुद्धीकरण केंद्रातलं पाणी का नाही, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं विचारला गेला. विचारायला नगरसेवक नव्हताच.

रस्त्याचंही तसंच. खडकवासल्यातून मुंबई-बेंगळुरू महामार्गाकडं निघालं की तीव्र उतारावरचा नवले पूल येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथं एका ट्रकनं चाळीसहून अधिक वाहनांना ठोकरलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथंच कंटेनरनं अनेकांचे जीव घेतले. रोज त्या उतारावरून मुलांना शाळेत नेणारी आई रात्री चोराच्या भीतीनं दाराला दुहेरी कडी लावते. मी तिला हसणार नाही. कोयत्याला चेहरा आहे, उताराला नाही. आणि चेहरा असलेल्या धोक्यावर काहीतरी करता येतं असं वाटतं, निदान कडी तरी लावता येते.

ज्याला चेहरा नाही असा आणखी एक चोर फोनमधून येतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर चोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये पळवले, पण त्यामुळं कुणी फिरायचा रस्ता बदलला नाही. अलीकडची ‘डिजिटल अटक’ अधिक वैयक्तिक आहे. तुमच्या नावाचं पार्सल पकडलं, असं सांगत गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, घरातल्या घरात कोंडून घालतो आणि ठेव मोडायला लावतो. अशी अटक कुठल्याही कायद्यात नाही. तक्रारीसाठी १९३० हा नंबर आहे. तरीही निवृत्त, शिकलेली, हिशोबी माणसं फसतात. त्यांनी आयुष्यात कधी पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नसते, म्हणूनच. चोरापेक्षा पोलिसाची भीती मोठी असलेल्या मध्यमवर्गाला लुटायला चोरानं पोलिसाचा वेष घेणं, यात चोराचं आपल्या समाजाविषयीचं निरीक्षण वाखाणण्याजोगंच म्हणायचं.

धरणावर बुडून मरणाऱ्यांची यादी दर उन्हाळ्यात लांबते. पाटबंधारे खात्याच्या पाट्या आहेत, पण काठ लांबच लांब आणि गाळाचा. दोन पावलांवर गुडघाभर आणि तिसऱ्या पावलाला डोक्यावर पाणी. मे २०२३ मध्ये गोऱ्हे खुर्दजवळ नऊ मुली पाण्यात उतरल्या आणि बुडू लागल्या. जवळच दशक्रिया विधीला आलेले लोक होते. त्यांनी उड्या टाकून सात जणींना बाहेर काढलं. दोघी गेल्या. सुरक्षिततेविषयी गावकऱ्यांशी बोलताना हा प्रसंग ते अभिमानानं सांगतात, आणि लगेच जोडतात की तिथं कायमचा जीवरक्षक असता तर दोघीही वाचल्या असत्या. जीवरक्षक नेमायचा कुणी? पाणी पाटबंधाऱ्यांचं, काठावरचं गाव ग्रामीण भागातलं, येणारी माणसं शहरातली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला मेट्रोला मंजुरी दिली. गावातल्या पारावर लगेच गुंठ्याचा भाव किती चढणार याची चर्चा सुरू झाली, ताब्याच्या जुन्या कागदांवरची धूळ झटकली गेली. धरणाकाठच्या चौपाटीवर आता शनिवारची गर्दी रोज येणार का, याची धास्ती हातगाडीवाल्यांना नाही, राहणाऱ्यांना आहे. रात्रपाळीच्या बायकांचा प्रश्न याहून साधा आहे. रात्रीच्या शेवटच्या गाडीतून उतरल्यावर स्टेशनच्या जिन्यापासून घरापर्यंतच्या वाटेवर दिवे बसवायचे ते मेट्रोनं, महापालिकेनं की सार्वजनिक बांधकाम खात्यानं, हे त्यांना रूळ पडायच्या आधी लेखी हवं आहे.